केसाएवढी फट, चोवीस तासांची ओढ

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन काटकोनी भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा होता. लांबीत पडलेल्या फरकाला मूळ लांबीने भागले की जो आकडा येतो, त्याला भौतिकशास्त्रात ‘विकृती’ म्हणतात. सारी वेधशाळा त्या एका आकड्यासाठी बांधायची.

हाच आकडा हिंगोलीतल्या किंवा वसमतमधल्या दातांच्या दवाखान्यात, खुर्चीवर बसलेल्या एखाद्या आजीच्या जबड्यातही फार मोलाचा असतो. हाडात रोवलेल्या इम्प्लांटवर तिची कवळी बसवायची असते. कवळी किती नेमकी बसली आणि ती कशाची बनवली, यावर जबड्याच्या हाडाला आणि बारीकशा स्क्रूंना किती ताण पडेल ते ठरते. इथे लायगोइतकी सूक्ष्मता लागत नाही. पण माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग, आणि इथला सगळा हिशोब त्या केसाच्या जाडीच्या आत-बाहेर चालतो.

आधी साधी कवळी पाहू. ती हिरडीवर नुसती टेकलेली असते. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार आणि लाळेची पकड मिळते. खालच्या कवळीच्या वाट्याला घोड्याच्या नालेच्या आकाराची अरुंद पट्टी येते आणि मध्ये जीभ सतत तिला ढकलत राहते. शिवाय दात गेले की जबड्याचे हाड झिजू लागते. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची २५ वर्षे मोजमापे ठेवली आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट निघाली. म्हणूनच “वरची चांगली बसते, पण खालची काही केल्या टिकत नाही” ही तक्रार घरोघरी ऐकू येते. स्वतःच्या दातांनी माणूस जेवढ्या जोराने चावतो, त्याचा चौथा-पाचवा हिस्सा जोरही साध्या कवळीने लावता येत नाही. मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खायची, शेंगदाण्याचा कूट करायचा आणि हुरड्याच्या दिवसांत नुसते बसून राहायचे.

यावरचा उपाय योगायोगाने सापडला. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवलेली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात, कारण हाड धातूला थेट जडले होते. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार इम्प्लांट बसवले. लार्सन यांना जन्मापासूनच जबड्याचा दोष होता. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट त्यांना साथ देत होते.

हाड आणि धातू असे एकजीव होतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण सगळी अडचणही तिथेच सुरू होते. आपला खरा दात हाडात घट्ट चिणलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते आणि दात तिच्यावर झुलतो. भातात खडा आला की माणूस क्षणात थबकतो, तो या गादीतल्या संवेदनांमुळे. ही गादी दाताला काही दशांश मिलिमीटरच्या आतच, पण खरीखुरी, हालचाल करू देते. इम्प्लांटला गादी नसते, त्यामुळे उभ्या दाबाखाली तो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन दबतो. जागेवरून जरा तिरपा आलेला दात तारेने हळूहळू सरकवता येतो, पण इम्प्लांट एकदा जडला की आयुष्यभर तिथेच. म्हणून त्याच्यावर जे बसवायचे त्यालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

आता आपल्या घरची बाज आठवा. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतात. चार पायांच्या बाजेचा मात्र एखादा पाय अधांतरी राहतो आणि कुणी बसले की ती डुगडुगते. जबड्यात चार, पाच किंवा सहा इम्प्लांट असतील आणि त्यांवर दात धरणारा एकच अखंड सांगाडा बसवायचा असेल, तर सगळीकडे एकाच वेळी बेमालूम टेकणारी जोडणी करणे हे त्या बाजेइतकेच अवघड. बाज डुगडुगते, म्हणून दोष कळतो तरी. इम्प्लांटवरच्या सांगाड्याला स्क्रू असतात. डॉक्टर स्क्रू पिळतात, फट मिटते, सांगाडा घट्ट बसल्यासारखा दिसतो. फट मिटवायला सांगाडा जेवढा वाकवावा लागला, तेवढा ताण मात्र आत कोंडून राहतो.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे लगेच उमगेल. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवतो, ती प्रसरण पावते, मग लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओततो. धाव आक्रसते आणि आरे-पाट्यांना करकचून आवळते. चाक स्थिर उभे असो वा चालते असो, ती आवळ रात्रंदिवस चालू राहते. चाकाला ती हवी असते. जबड्याला तीच नको असते. चावण्याचा जोर येतो आणि जातो. सगळी जेवणे धरली तरी दात एकमेकांवर दाबले जाण्याचा दिवसातला वेळ थोडाच. न जुळलेल्या सांगाड्याची ओढ चोवीस तास असते, आणि घास चावताना चावण्याचा जोर तिच्यात मिळतो. माझ्या मते सामान्य माणसाला या विषयातली एकच गोष्ट सांगायची असेल, तर ती ही.

ही ओढ किती असते, त्याचा एक कागदी हिशोब करून पाहू. समजा दोन इम्प्लांटमध्ये २० मिलिमीटर अंतर आहे आणि त्यांना जोडणारी दांडी ५० मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी मापाने, आखूड झाली. ती ताणून दोन्हीकडे आवळली. ५० ला २०,००० ने भागले की विकृती येते दशलक्षात २,५००. दांडी टायटॅनियमची असेल तर तिच्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे २८ किलोचा ताण उभा राहतो. कोबाल्ट-क्रोमियमची असेल, तर ५३ किलोंचा. ॲक्रिलिकची असेल तर जेमतेम पाऊण किलोचा. चूक तीच, अंतर तेच; ताण सत्तरपट कमी-जास्त होतो तो फक्त पदार्थाच्या ताठरपणामुळे. प्रत्यक्षात हाड थोडे नमते, इम्प्लांट किंचित कलतो, म्हणून आकडे एवढे चढत नाहीत. पण कल तोच राहतो. पदार्थ जितका ताठर, तितकी मापातली चूक महाग पडते.

हाडाला किती सोसते? अमेरिकी अस्थितज्ज्ञ हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी यासाठी ढोबळ मर्यादा आखल्या. विकृती दशलक्षात साधारण ५० ते १,५०० असेल तर हाड आपली डागडुजी करत निरोगी राहते. त्याहून फार कमी असेल तर हाड झिजते. दात गेल्यावर जबडा आटतो त्यामागे हे एक कारण आहे. ३,००० च्या पुढे गेले की सूक्ष्म भेगांचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकू लागतो, आणि २५,००० च्या आसपास हाड मोडतेच. हाड दाब उत्तम पेलते, ओढ त्याहून कमी आणि घसरता कातर ताण सर्वांत कमी. औंढ्याच्या नागनाथ मंदिरातले हेमाडपंती दगडकामही याच तत्त्वावर उभे आहे. दगडाला दगडाचा दाब पेलवतो, त्याला ओढायचे नसते. म्हणून इम्प्लांटवर जोर जितका उभा पडेल तितका बरा. आडवा किंवा वाकवणारा जोर पडला की तो इम्प्लांटच्या मानेशी, हाडाच्या वरच्या कठीण कडेवर गोळा होतो.

हा ताण डोळ्यांनी पाहताही येतो. पारदर्शक रेझिनचा जबडा ओतायचा, त्यात इम्प्लांट बसवायचे आणि ध्रुवीकृत प्रकाशात ठेवून वरून दाब द्यायचा. इम्प्लांटच्या भोवती मोरपिसाच्या डोळ्यासारखी रंगीत वलये उमटतात. जिथे वलये दाट, तिथे ताण जास्त. सांगाडा नेमका नसेल तर वरून काहीही दाब न देता, केवळ स्क्रू आवळताच ती वलये दिसू लागतात. दुसरा मार्ग संगणकाचा. जबड्याचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण मोजायचा. दंतइम्प्लांटसाठी ही पद्धत १९७६ पासून वापरात आहे आणि महाराष्ट्रातल्या दंत महाविद्यालयांचे पदव्युत्तर विद्यार्थीही आपल्या प्रबंधांसाठी ती वापरतात.

मग चूक शिरते कुठून? सगळ्यात आधी मापातून. तोंडात इम्प्लांटवर मापाच्या खुंट्या लावतात आणि त्या हलू नयेत म्हणून रेझिनने एकमेकींना जोडतात. हे रेझिन घट्ट होताना आक्रसते. एका दिवसात त्याचे आकारमान सात-आठ टक्क्यांपर्यंत कमी होते आणि त्यातले बहुतेक आकुंचन पहिल्या सतरा-अठरा मिनिटांत होऊन जाते. जोडून लगेच माप घेतले तर खुंट्या आतल्या आत ओढल्या जातात. म्हणून जाणता तंत्रज्ञ ती जोडपट्टी आदल्या दिवशीच करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी अगदी पातळ चकतीने तिचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा आपापल्या खुंटीसह तोंडात लावला जातो आणि तुकड्यांमधली कागदाच्या जाडीची फट तेवढी नव्या रेझिनने भरतात. आक्रसायला आता तेवढेच रेझिन उरते. लॅबमधल्या माणसाचे नाव रुग्णाला कधी कळत नाही, पण अर्धे यश या कापण्या-जोडण्यात असते.

मग येते ओतकाम. कोबाल्ट-क्रोमियमचा रस साच्यात ओतला की निवताना तो दोन टक्क्यांहून थोडा जास्त आक्रसतो. साठ मिलिमीटरच्या कमानीवर दोन टक्के म्हणजे १.२ मिलिमीटर. साचा मुद्दाम तेवढा प्रसरण पावणारा बनवून ही घट भरून काढतात, तरी वळणदार कमान सगळीकडे सारखी आक्रसत नाही आणि थोडाफार फरक उरतोच. म्हणून आता बरीचशी कामे टायटॅनियमच्या घन ठोकळ्यातून संगणकाच्या आज्ञेने कोरून काढतात. कोरण्यात निवणे नाही, त्यामुळे तिथली चूक बरीच घटते. तोंडातले माप चुकले असेल, तर मात्र यंत्र त्या चुकीच्या मापालाच इमानेइतबारे कोरते. तोंडात फिरवायच्या स्कॅनरचेही तसेच: एक-दोन दातांसाठी तो उत्तम, पण पूर्ण कमान फिरताना छोट्या छोट्या चुका साचत जातात.

नेमकेपणा तपासण्याची एक जुनी, बिनखर्ची रीत आहे. सांगाडा सगळ्या इम्प्लांटवर ठेवायचा आणि एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा. बाकीचे मोकळे. आता दुसऱ्या टोकाला पाहायचे. सांगाडा नेमका असेल तर तिथे काहीच हलत नाही. चूक असेल तर ते टोक इम्प्लांटवरून उचलले जाते आणि फट दिसते. हिरडीखाली असेल तर एक्स-रेमध्ये काळी रेघ उमटते. मग स्क्रूने ती दाबून टाकण्याचा मोह आवरायचा, सांगाडा कापायचा, तोंडात पुन्हा जोडून घ्यायचा आणि लॅबमध्ये डाख द्यायचा. एक फेरी वाढते, रुग्ण कुरकुरतो, पण इथे घाई करू नये.

किती फट चालेल यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. ब्रोनेमार्क यांनी १० मायक्रॉनची अपेक्षा धरली होती. स्वीडनच्याच टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनपर्यंतची फट दीर्घकाळ त्रास देत नाही असे मत मांडले. पुढे येम्ट यांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या सांगाड्यांची मोजमापे केली, तेव्हा फट आणि हाडाची झीज यांत सरळ नाते सापडले नाही. जडलेले हाड स्थिर ओढ बरीच पचवते असे दिसते. पण स्क्रू ती पचवत नाही. दोन मिलिमीटर जाडीचा तो स्क्रू आवळला की रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवतात. त्याला बहुधा ३५ न्यूटन-सेंटीमीटरचा पीळ देतात, म्हणजे एक सेंटीमीटरच्या दांडीला साडेतीन किलो वजन टांगल्याएवढा. सांगाडा न जुळणारा असेल तर यातली बरीचशी ताकद फट मिटवण्यातच खर्च होते. उरलेल्या पकडीवर रोजच्या हजारो चावण्या पडतात, आणि मग स्क्रू सैल होतो, सैल स्क्रू वाकतो, वाकता वाकता एक दिवस तुटतो.

आता पदार्थांकडे. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रिचर्ड स्कॅलक यांनी सुचवले की इम्प्लांटला गादी नाही, तर वरचे दात तरी ॲक्रिलिकचे असावेत, म्हणजे दणका थोडा जिरेल. विचार तर्कशुद्ध होता. पुढच्या अनुभवात मात्र चिनी मातीचे कठीण दात आणि ॲक्रिलिकचे दात यांच्याखालच्या हाडात फारसा फरक दिसला नाही. खरा फरक पडतो तो आतल्या सांगाड्याने. सांगाडा ताठर असेल तर एका दाढेवर पडलेला जोर सगळ्या इम्प्लांटमध्ये वाटला जातो. लवचीक असेल तर घासाखालचा भाग वाकतो आणि जवळच्या एकाच इम्प्लांटवर सगळा भार येतो. म्हणजे चुकीच्या मापाला मऊ पदार्थ क्षमा करतो आणि चावण्याच्या जोराला ताठर पदार्थ उपयोगी पडतो. ही ओढाताण सोडवण्याचा एकच मार्ग उरतो: सांगाडा ताठर घ्यायचा आणि तो नेमका बसवायचा. टायटॅनियम मधला मार्ग काढते. कोबाल्ट-क्रोमियम आणि झिरकोनिया हे सिरॅमिक यांच्या निम्म्याने ताठर, ॲक्रिलिकच्या पस्तीस-चाळीसपट. झिरकोनिया फारसे झिजत नाही, त्यावर हळदीचा डाग बसत नाही (आपल्या वसमतच्या हळदीपुढे ॲक्रिलिक पिवळे पडतेच), पण तडकले तर सांधता येत नाही, सगळे नवे करावे लागते.

पदार्थ कोणताही असो, मागे लोंबता ठेवलेला भाग आखूड हवा. दाढांच्या जागी पुरेसे हाड नसते म्हणून शेवटच्या इम्प्लांटच्या मागे एक-दोन दात अधांतरी काढतात. त्यांवर घास पडला की तरफ होते. शेवटचा इम्प्लांट दाबला जातो, पुढचा वर उपसला जातो. हा भाग दुप्पट लांब केला तर तो आठपट वाकतो. पोर्तुगालचे पावलो मालो यांनी मागचे दोन इम्प्लांट मुद्दाम तिरपे बसवून त्यांची तोंडे आणखी मागे नेली आणि चारांवर पूर्ण कमान पेलून दाखवली, त्यामागचे गणित हेच.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बहुतेक वृद्धांना परवडेल आणि पुरेल असा मार्ग मात्र वेगळाच आहे, आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट, त्यांवर बटणासारखी जोडणी, आणि वर काढता-घालता येणारी कवळी. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच किमान योग्य उपचार ठरवला. २००९ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञांनी यॉर्कमध्ये तेच म्हटले. चावण्याचा जोर त्याने जवळपास दुप्पट होतो.

यातला ताण ओळखायला आपल्या काळ्या मातीतली घरे पाहावीत. अर्धा पाया मुरुमावर आणि अर्धा काळ्या मातीवर पडला की माती खचते, मुरूम खचत नाही, आणि भिंतीला मधोमध भेग जाते. या कवळीचे तसेच आहे. हिरडी दाबाखाली काही दशांश मिलिमीटर दबते, इम्प्लांट पाच मायक्रॉन. म्हणून कवळी बहुधा बटणाच्या अगदी वरच, जिथे ॲक्रिलिक पातळ असते तिथे, तडकते. तिथे धातूची जाळी घातली तर ती टिकते. बटणात बसवलेली नायलॉनची टोपी मुद्दाम थोडी हलू देते, तिने ताण जिरतो. ती टोपी झिजते आणि बदलावी लागते. मागच्या बाजूचे हाडही वर्षागणिक आटत जाते, म्हणून कवळीच्या पोटाला नवा थर द्यावा लागतो. तो न दिल्यास कवळी बटणांवर डोलू लागते, आणि जो जोर हिरडीने घ्यायचा तो सगळा दोन इम्प्लांटवर येतो.

केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना देण्याच्या साधनांत कवळी आहे, इम्प्लांट नाहीत. शासकीय दंत महाविद्यालय हवे तर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरहून दूर. त्यामुळे सेनगाव-कळमनुरीकडच्या माणसाने पदार्थ निवडताना दुरुस्ती कुठे होईल हेही विचारून घ्यावे. सांगाडा बसवण्याआधी एका स्क्रूची तपासणी करून दाखवा, असे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. कवळी डुगडुगू लागली, चावताना टक्-टक् वाजू लागली किंवा स्क्रू सैल वाटला, तर ठणक लागण्याची वाट पाहू नका. इम्प्लांटला गादी नाही, तो दुखून सांगणार नाही. त्या बाजूने चावणे थांबवा आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.